घड्याळ बाराच्या तोफेला लावू

म्युनिक, १४ जून

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

फोनवर सांगायला गेले तर बाबा "बरं, ठेवतो" म्हणतील आणि आई रडेल, म्हणून लिहून पाठवतेय. दादा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून देईल. चहा झाल्यावर सावकाश वाचा.

ऑक्टोबरच्या युरोप टूरमधून तुमची दोघांची नावं मी काल काढून घेतली. भरलेल्या पैशांतले काही कापले जातील. ते माझ्याकडून, त्यावर बोलायचं नाही. घट उठले की आपण तिघं रोमला जातोय. फक्त रोम, अकरा दिवस. भाड्याने घर घेतलंय. वसुबारसेच्या आत तुम्ही घरी असाल. आई, तुझी भाजणी चुकणार नाही.

बाबा, १४ दिवस ९ देशांचा तो कागद तुम्ही पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलाय, प्रत्येक गावापुढे पेन्सिलीने किलोमीटर लिहिलेत, हे वहिनीने सांगितलं. तेव्हापासून मला नीट झोप नाही. तुमची हौस मी मोडली असं कृपा करून वाटून घेऊ नका. पण त्याच कागदावर रोमपुढे काय लिहिलंय बघा: सव्वाचार तास, जेवणासह. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बॅगा दाराबाहेर. आईचे पाय संध्याकाळपर्यंत किती सुजतात ते तुम्हीच मला सांगता. चितोडला ती "मी बसमध्येच बरी" म्हणाली, ते अजून माझ्या कानात आहे.

एप्रिलमध्ये मी एकटी रोमला गेले तेव्हाच हे मनात आलं. मीही यादी घेऊन गेले होते, तुमचीच मुलगी. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पाच ठिकाणं उरकली आणि रात्री आठवायला बसले तर फक्त रांगा आठवल्या. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. यादी खोलीवरच ठेवली आणि पाय नेतील तिकडे निघाले.

रस्त्याच्या पातळीखाली चार पडकी देवळं आणि त्यांच्या खांबांच्या बुंध्यांवर मांजरं झोपलेली. ज्युलियस सीझरला मारलं ते याच जागी. तिथून दोन गल्ल्या पुढे गेले तर एका चर्चसमोर दगडी हत्ती! पाठीवर इजिप्तहून आणलेला उंच स्तंभ, सोंड मागे वळवलेली, चेहरा असा की आत्ता हसेल. १६६७ मधला आहे, बर्निनी नावाच्या शिल्पकाराने आखलेला. आई, मी हात जोडले गं त्याला. परक्या गावात वाट चुकून आपलं कोणी भेटावं तसं झालं.

त्याच्या मागेच पँथिऑन, जुनं रोमन देऊळ. पाच युरोंचं तिकीट काढून आत गेले. त्रेचाळीस मीटर रुंदीचा घुमट, लोखंडाची एक सळई नाही, नुसतं रोमन काँक्रीट, आणि मधोमध आभाळाला उघडं गोल भोक. ना काच, ना झाकण. पाऊस थेट आत पडत होता. फरशीला किंचित उतार आहे आणि बारीक भोकं आहेत, त्यातून पाणी निघून जातं. एकोणीसशे वर्षं असंच चाललंय. मी एक तास बसले. वाईच्या वाड्यात चौकात पाऊस पडायचा आणि तू मला सोप्यावर बसवून केस विंचरायचीस, तेल कानापर्यंत यायचं, तो वास आला मला. टूरमध्ये असते तर झेंडेवाल्या माणसाच्या मागे दहा मिनिटांत बाहेर पडले असते.

संध्याकाळी ८ नंबरच्या ट्राममध्ये बसले आणि उतरलेच नाही, शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. बाबा, रविवारी तुम्ही मला साताऱ्याच्या स्टँडवरून असंच कुठल्याही गाडीत बसवून शेवटच्या गावापर्यंत न्यायचात, आठवतं? तिथे चहा, मला खारी, आणि त्याच गाडीने परत. मला वाटायचं सगळ्या एसट्या आपल्याच आहेत. रोममध्ये एका तिकिटावर शंभर मिनिटं ट्राम-बस बदलत फिरता येतं. तुम्हाला हे फार आवडेल, मला खात्री आहे.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी राखून ठेवलीय. गावातल्या चर्चांच्या घंटा वेगवेगळ्या वेळी वाजायच्या म्हणून पोपने १८४७ मध्ये ठरवलं की रोज दुपारी बाराला तोफ उडवायची, म्हणजे सगळ्यांची वेळ एक होईल. १९०४ पासून ती जानिकोलो टेकडीवरून उडते. महायुद्धात बंद पडली होती, १९५९ ला पुन्हा सुरू झाली. आपण तिथे जाऊ. समोर अख्खं रोम दिसतं. तुम्ही तुमचं घड्याळ त्या तोफेला लावा. दिवसभरात पाळायची वेळ तेवढीच. चौतीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्यात, बाबा. आता तुम्ही बसायचं, आणि गाडी चुकली तर चुकू द्यायची.

सोयींची काळजी करू नका. घराला लिफ्ट आहे, मी चढून-उतरून पाहिलीय. स्वयंपाकघर आहे, छोटा कुकर मी आणतेय. स्टेशनजवळ एस्क्विलिनोचा मोठा बाजार आहे, तिथे आपल्याकडची माणसंही दुकानं चालवतात. डाळी, मसाले, भेंडी, कोथिंबीर मिळते. आई, तुला विचारायला संकोच वाटेल म्हणून आधीच लिहिते: संडासात पाण्याची सोय आहे. इटलीत १९७५ पासून घरात बिडे, म्हणजे बसून धुवायचं नळाचं भांडं, असावाच लागतो. पिण्याचं पाणी रस्त्यावर, लोखंडी नळांतून चोवीस तास वाहतं, असे अडीच हजारांच्या आसपास नळ आहेत. तोटीला खालून बोट लावलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं. तू तोंड लावून पिणार नाहीस, तर भांडं घे.

कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त आणि खुर्चीत बसून महाग पडते. आपण बसूनच प्यायची. बाबांनी दरपत्रक बघायचं नाही.

व्हॅटिकनचं तिकीट तेवढं मी आधी काढते, तिथल्या रांगेत तुम्हाला उभं करणार नाही. कोलोसियमला त्या दिवशी वाटलं तर जाऊ. वाटलं नाही तर बाहेरच्या कट्ट्यावर बसू, तिथूनही छान दिसतं.

आता ऐका. रोमच्या रस्त्यांवर काळे चौकोनी दगड आहेत, मधे फटी. चप्पल चालणार नाही. दोघांनी जाड तळव्याचे बूट या आठवड्यात घ्यायचे आणि आजपासून रोज पाऊण तास घालून फिरायचं. आई, साडीऐवजी पंजाबी ड्रेस घाल, कोण बघतंय! ओढणी मात्र हवीच, चर्चमध्ये खांदे झाकायला. बाबांनी गुडघ्याचा पट्टा हातबॅगेत ठेवायचा, मोठ्या बॅगेत नाही. साखर आणि बीपी महिनाभर लिहून ठेवा. विमानतळावर व्हीलचेअर सांगितलीय. नको म्हणायचं नाही, त्यात कमीपणा नाही. व्हिसाचे कागद, तीस हजार युरोंचा विमा, सगळं मी बघते, तुम्ही फक्त फोटो काढून घ्या. मी मुंबईला घ्यायला येते, तुम्ही एकटे निघणार नाही.

बाबा, राग आला असेल तर दोन दिवस बोलू नका, मी थांबेन. पण तो पुठ्ठा टाकून देऊ नका. मागची बाजू कोरी असेल. पेन्सिलीसकट घेऊन या. रोज रात्री जेवण झालं की त्या दिवशी आपण कुठे कुठे गेलो, किती वाजता, कितीदा बसलो, ते तुम्ही तुमच्या अक्षरात लिहायचं. मी शेजारी बसून सांगेन.

तुमची,
मनी

ता. क. आई, आवळासुपारीची डबी विसरू नकोस. मला हवी आहे.