सिस्टर, तुमचे आभार मानायचे राहिले

रात्रपाळीच्या सिस्टरांना,
सप्रेम नमस्कार.

बाबांना वॉर्डात हलवलं तेव्हा तुमची ड्यूटी संपली होती, म्हणून हे पत्र.

आधीच्या हॉस्पिटलात बाबांच्या जांघेत सेंट्रल लाईन, म्हणजे औषधं द्यायला मोठ्या शिरेत घालतात ती नळी, घातली. बीपी कोसळलं होतं, घाई होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण बीपी सावरल्यावरही ती तिथंच. वरची पट्टी कडेने सुटून ओली झालेली. लाईनमधून औषध ढकललं की थोड्याच वेळात हुडहुडी भरायची, दात वाजायचे. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘आयसीयूत ताप येतोच, तुम्ही बाहेर बसा.’ बिलात मात्र ड्रेसिंगचे पैसे रोजच्या रोज!

तुमच्याकडे आल्याआल्या तुम्ही ती पट्टी बघितलीत आणि डॉक्टरांना बोलावलंत. पुढचं भराभर झालं. जंतू आहेत का बघायला रक्त कल्चरला गेलं, जुनी लाईन निघाली, नवी मानेत बसली. जंतू लाईनमधूनच रक्तात शिरले होते.

पण माझ्या डोळ्यांसमोर आहे तो तुमचा स्पिरिटचा बोळा. सिरिंज जोडण्याआधी लाईनचं टोक तुम्ही घासून पुसायचात आणि ओठांतल्या ओठांत 15 पर्यंत मोजायचात. दर वेळी. पहाटे तीनलासुद्धा. एकदा एक तरुण डॉक्टर घाईने सिरिंज घेऊन आले, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘सर, पुसायचंय अजून.’ ते थांबले. बाबा गुंगीत होते आणि मी काचेबाहेरून बघतेय हे तुम्हाला ठाऊकही नव्हतं. कुणी बघत नसताना नीट काम करणारी माणसं आमच्या ऑफिसात तरी बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

नंतर वाचलं, अमेरिकेत मिशिगनमधल्या आयसीयूंत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी साध्या पाचच गोष्टी पाळायला लावल्या. हात धुणं, शक्यतो जांघ टाळणं, गरज संपली की लाईन काढणं, असल्याच. 2006 साली निष्कर्ष छापून आले, तर दीड वर्षात लाईनचे संसर्ग दोन तृतीयांशांनी घटलेले. काही चुकतंय असं दिसलं तर डॉक्टरला थांबवायचा हक्क तिथं सिस्टरांना दिला होता. तुम्हाला तो कुणी दिला होता, की तुम्हीच घेतलात?

बाबा आता सोसायटीच्या पार्किंगवरून भांडण्याइतपत बरे आहेत. आईने तुमच्यासाठी डिंकाचे लाडू केलेत, शनिवारी आणते. तुमची पाळी नसेल तर रिसेप्शनवर ठेवीन, पण डबा वॉर्डातच संपवू नका, घरी न्या.

तुमची,
चार नंबरच्या काकांची मुलगी