काम सोपवले, पण किल्ली कुणाकडे?

महोदय,

मे महिन्यात कोकणातल्या कौलारू चर्चांची शाकारणी निघते. पॅरिशच्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या, मंडळाच्या बैठकीत एखाद्याला 'तुम्ही बघा' म्हणून सांगितले जाते. गडी येतात, वासा किडलेला निघतो, तो बदलायचा की नाही ते फादरना विचारायचे असते आणि फादर पलीकडच्या गावात दफनविधीला गेलेले असतात. गडी बसून राहतात, मृग लागतो तेव्हा अर्धे पाखे उघडे. बोल मात्र काम घेणाऱ्याला.

काम द्यायचे तर कागदावर द्यावे. उदाहरणार्थ: 25 मेपर्यंत पुरे करणे, 200 कौले, चार वासे आणि लागतील तेवढ्या रिपा न विचारता घेणे, आढ्याला हात लावायची वेळ आली तरच फोन. साहित्याच्या खोलीची किल्ली आणि आगाऊ रक्कम त्याच दिवशी हातात. नेमकी किल्लीच राहून जाते.

बायबलमधल्या निर्गमाच्या 18व्या अध्यायात इथ्रो मोशेला दहा, पन्नास, शंभर, हजार माणसांवर नायक नेमायला सांगतो. लहानसहान वाद त्यांनीच निकालात काढावेत, हेही तो सांगतो. प्रवचनात हा दुसरा भाग सहसा येत नाही.

माणूस निवडताना हंगाम बघावा. लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या गळ्यात काम घालू नये. मासेमारीबंदीत, म्हणजे जून-जुलैत, होड्या किनाऱ्याला असतात, तेव्हा मच्छीमार कुटुंबांकडून जाळी दुरुस्तीतून का होईना वेळ मिळतो. फेस्ताची, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाची, सगळी भिस्त मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांवर ठेवली, तर नवेनाचे, म्हणजे सणाआधीच्या प्रार्थनांचे, नऊ दिवस गावातलेच चार जण राबतात.

पैशांबाबत संकोच नको. कॅनन लॉच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, 537व्या कलमानुसार प्रत्येक पॅरिशला अर्थसमिती असलीच पाहिजे. ती नुसती सही करण्यापुरती नसावी. मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, दान दोघांनी मोजावे, दोघे एका घरातले नकोत. नोटा किमतीप्रमाणे लावून चिठ्ठीवर आकडा, दोघांच्या सह्या. बँकेची पावती तिसऱ्याने त्या चिठ्ठीशी ताडून बघावी. फादरनी एकट्याने मोजले, तर पुढे कुजबुज झाल्यावर त्यांच्या बाजूने बोलायला साक्षीदार उरत नाही.

मिस्सा आणि पापनिवेदन धर्मगुरूंचेच. पण आजाऱ्याच्या घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेण्यासाठी रीतसर परवानगीने प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेले भाविक, नेमता येतात, आणि खाडीपलीकडच्या वाड्यांना त्याचा खरा उपयोग आहे.

सोपवलेले काम चारचौघांत पुन्हा स्वतः करणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. मिस्सेत बायबल वाचणाऱ्या तरुणाचे वाचन चुकले तर मिस्सा आटोपल्यावर बाजूला घेऊन सांगावे. तिथल्या तिथे माइक हातातून घेतला, तर तो तरुण पुढच्या रविवारी मागच्या बाकावर दिसतो.

प्रत्येक कामाला एक जोडीदार आणि एक वही हवी. धर्मगुरूंची बदली होते, नवे येतात. मांडववाल्याला आगाऊ किती दिले, जनरेटर कुणाचा आणला, मेणबत्त्यांची किती खोकी उरली, हे वहीत नसेल तर पुढच्या फेस्ताला पुन्हा घरोघर विचारत फिरावे लागते.

— पॅरिश मंडळाचे काही सदस्य, सिंधुदुर्ग