नाक्यावरील सर्कलसाठी आभार

आमच्या नाक्यावर चार रस्ते एकमेकांना छेदत असल्याने वाहनांची टक्कर होऊ शकेल अशा 32 जागा होत्या. एकपदरी सर्कल झाल्यावर त्या 8 उरल्या. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचा ऐसपैसपणा येथे नाही, तरीही उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे हा नियम रिक्षावालेसुद्धा (बहुतेक वेळा) पाळतात. रात्रपाळीत पेव्हर ब्लॉक बसवणारे कामगार, भर पावसात वाहतूक वळवणारे हवालदार, आणि झेब्रा पट्टे वळणापासून एका गाडीइतके मागे घेऊन मध्ये थांबायला बेट ठेवावे, म्हणजे पादचाऱ्याला एका वेळी एकाच दिशेकडे पाहावे लागते, हे फरशीवर खडूने आखून समजावणाऱ्या त्या निवृत्त अभियंता बाई, यांपैकी कोणाचेही नाव विचारायचे आम्हांला सुचले नाही. आपणा सर्वांचे रहिवाशांतर्फे मनःपूर्वक आभार.