अण्णाकाकांना पत्र : यांचं पोट कशावर चालतं?

उट्रेक्ट, नेदरलँड्स
९ फेब्रुवारी

ती. अण्णाकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. काकूचा गुडघा आता बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. व्यायामाचा कंटाळा मात्र करू देऊ नका तिला. बाकी पत्रभर तुम्ही मला फैलावरच घेतलंय. "हॅकर लोकांच्या जत्रेला गेली होतीस म्हणे. बँका लुटणारे ते हेच का? आणि सॉफ्टवेअर फुकट वाटतात तर यांचं पोट कशावर चालतं?"

बँका लुटणारे वेगळे, काका. मी गेले होते ते लोक यंत्र उघडून बघितल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही असे, तुमच्या प्रेसमधल्या ट्रेडल या छपाईयंत्राच्या मिस्त्रीच्या जातकुळीतले. पोटाचा प्रश्न मात्र पक्का धंदेवाल्याचा आहे. त्याचं धड उत्तर तिथे जमलेल्या निम्म्या मंडळींकडेही नसेल.

खुलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या या जत्रेचं नाव फॉसडेम. दर हिवाळ्यात, फेब्रुवारी लागता लागता, ब्रसेल्सच्या विद्यापीठात दोन दिवस भरते. तिकीट नाही, नावनोंदणी नाही, कोणी कुठून आलात विचारत नाही. जगभरातून हजारो लोक येतात आणि पावसात भिजत एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पळत असतात. भाषणं वर्गांत होतात. वर्ग भरला की दाराला 'फुल' अशी पाटी लागते. मग आतला कोणी बाहेर पडेपर्यंत बाहेरच्याला प्रवेश नाही. एका दारापाशी माझ्या पुढे एक पिकल्या दाढीचे गृहस्थ उभे होते. त्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम आमच्या ऑफिसात रोज चालतो. दारावरच्या विशीतल्या स्वयंसेवक मुलीने त्यांना पाटी दाखवली, ते "बरोबर आहे" म्हणाले आणि माझ्यासारखेच भिंतीला टेकून उभे राहिले. आपल्याकडच्या साहित्य संमेलनात हे दृश्य दिसेल का, तुम्हीच सांगा!

आता मूळ कथा, आणि ती तुमच्याच धंद्यातली आहे, कारण हे सगळं रामायण प्रिंटरमध्ये कागद अडकल्यामुळे घडलं. अमेरिकेत बोस्टनजवळ एम.आय.टी. आहे. तिथल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करत होता. तिथली रीत अशी की तुमचा प्रोग्रॅम कोणीही उघडावा, वाचावा, सुधारावा. कॉम्प्युटरला पासवर्ड घालणं हेच उलट असभ्यपणाचं मानलं जाई. त्यांचा प्रिंटर बसायच्या जागेपासून लांब होता. कागद अडकला की तासभर कोणाला पत्ता नसायचा. स्टॉलमनने प्रोग्रॅममध्ये सोय करून ठेवली : कागद अडकला की ज्यांची छपाई रांगेत आहे त्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप. कोणीतरी उठून काढायचंच. पुढे झेरॉक्सने नवा लेझर प्रिंटर भेट दिला. छपाई झकास, पण त्याच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता-बदलता येईल असा मूळ मजकूर, दिला नाही, त्यामुळे ही साधी सोयही करता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो कोड आहे असं कळल्यावर स्टॉलमन त्याच्या खोलीत जाऊन उभा राहिला. तो म्हणाला, कोणाला देणार नाही असं मी लिहून दिलंय. स्टॉलमन एक शब्दही न बोलता बाहेर पडला.

दुसऱ्या कोणी दोन शिव्या हासडून विषय सोडला असता. या पठ्ठ्याने २७ सप्टेंबर १९८३ रोजी जाहीर केलं की मी एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्रॅम, लिहिणार, ग्नू तिचं नाव, आणि ती सगळ्यांची असेल. उद्या एम.आय.टी.ने हक्क सांगायला नको म्हणून जानेवारी १९८४मध्ये नोकरी सोडली. पोटाचं काय, तर त्याने लिहिलेल्या ईमॅक्स या एडिटरच्या, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमच्या, टेपा तो १५० डॉलरला एक याप्रमाणे विकायचा. विकायला त्याची कधीच ना नव्हती. विकत घेणाऱ्याने पुढे दहा जणांना वाटली तरी त्याची हरकत नव्हती, एवढंच.

आपल्या प्रेसमधलं ते फॉन्टचं डोंगल आठवतं? कॉम्प्युटरच्या मागे खोचायचं, आणि ते असेल तरच मराठी अक्षर उमटायचं. ऐन दिवाळी अंकाच्या गर्दीत ते मेलं आणि नवं येईपर्यंत सगळे फर्मे खोळंबले. "अक्षरं आपली आणि कुलूप दुसऱ्याचं," असं तुम्ही तेव्हा म्हणाला होतात. स्टॉलमनचं सगळं तत्त्वज्ञान तुम्ही एका ओळीत सांगून मोकळे झाला होतात, त्याचं नाव न ऐकता.

माझ्या मते त्याची खरी करामत कायद्यातली आहे. १९८९ साली त्याने जीपीएल नावाचा परवाना काढला. वापरा, उघडा, बदला, विका. पण बदललेलं पुढे द्याल तेव्हा घेणाऱ्यालाही हेच सगळे हक्क आणि सोर्स कोड द्यायचा. कॉपीराइटच्या कायद्याने एरवी लोकांचे हात बांधले जातात. याने त्याच दोरीने कुलूप लावणाऱ्याचे हात बांधले. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली तेव्हा तो एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता, आणि हा आपला नुसता छंद आहे असं त्याने स्वतःच सांगितलं होतं. पुढच्या वर्षी त्याने लिनक्सला हाच परवाना लावला. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तेच लिनक्स आहे.

पण या लोकांचे फोटो देवघरात लावावेत असं मी म्हणणार नाही. स्टॉलमन हट्टी, तिरसट. २०१९मध्ये लैंगिक शोषणाच्या एका प्रकरणाबद्दल त्याने जे लिहिलं त्यावरून गदारोळ झाला, आणि त्याने एम.आय.टी. व स्वतःच स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं अध्यक्षपद, दोन्ही सोडलं. २०२१मध्ये तो संचालक मंडळावर परत आला तेव्हा पुन्हा ठिणगी पडली. काहींनी फाउंडेशनला द्यायची मदत थांबवली. टोरवाल्ड्स तर इतरांचं काम तपासताना जीभ सैल सोडण्याबद्दल प्रसिद्ध. २०१८मध्ये त्याने जाहीर माफी मागून काही दिवस रजा घेतली. ब्रसेल्सला जेवणाच्या टेबलावर यावरून अजून भांडणं होतात. मला विचाराल तर परवाना घ्यावा आणि परवाना लिहिणाऱ्याचे गुणदोष मोजून बाजूला ठेवावेत.

तुम्हाला मनापासून आवडतील ते डोनाल्ड कनूथ. स्टॅनफर्डचे प्राध्यापक, जन्म १९३८चा. १९७७मध्ये त्यांच्या प्रोग्रॅमिंगवरच्या जाडजूड ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत होती. जुनी आवृत्ती खिळ्यांवर छापलेली. आता प्रकाशकाने फोटोटाइपसेटिंग, म्हणजे खिळ्यांऐवजी फोटोच्या तंत्राने अक्षरजुळणी, आणलं होतं. प्रुफं हातात आली आणि कनूथना ती बघवेनात. आपली गणितं असल्या अक्षरांत छापून घेण्यापेक्षा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहू, असं त्यांनी ठरवलं. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता, लागली दहाएक वर्षं. ओळीत शब्दांमधलं अंतर किती, परिच्छेद कुठे तोडला म्हणजे एकूण पान डोळ्यांना बरं दिसेल, तुमचे गोविंदा जुळारी जे बोटांनी करायचे ते सगळं त्यांनी गणितात मांडलं. त्या प्रोग्रॅमचं नाव टेक. जगातले गणिती आजही त्यातच लिहितात, आणि तो सगळ्यांना खुला आहे.

आणि मुद्राराक्षसाचा बंदोबस्त ऐका! पुस्तकात चूक दाखवाल त्याला कनूथ २.५६ डॉलरचा चेक पाठवत. २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्यांचा एक डॉलर, असा त्यांचा हिशेब. टेकमधल्या चुकीचं बक्षीस दरवर्षी दुप्पट करत नेलं, ते ३२७.६८ डॉलरवर थांबवलं. बहुतेक लोक चेक वटवत नसत, फ्रेम करून भिंतीवर लावत. टेकच्या आवृत्तीचा आकडाही गणितातल्या पायच्या (π) किमतीकडे सरकतो : ३.१४, ३.१४१, असा. आपण गेल्यावर तो थेट पाय करावा, आणि तेव्हा ज्या चुका उरतील त्यांना चुका म्हणू नये, असं त्यांनी सांगून ठेवलंय.

यात एक धागा माझ्या इथल्या मुक्कामाचाही आहे. टेकमध्ये देवनागरी छापायची सोय ज्याने केली तो फ्रान्स फेल्टहाउस इथलाच, ग्रोनिंगेनचा. १९९१च्या सुमारास, आपल्याकडे युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीच्या समाईक पद्धतीचा, पत्ता नव्हता तेव्हा, या डच माणसाने एकेक जोडाक्षर बसवून ते पॅकेज लोकांना खुलं करून दिलं. संस्कृतवाल्यांनी कित्येक वर्षं त्यावर ग्रंथ छापले.

आता या जगाची दुखरी बाजू, कारण पोटाचा प्रश्न तिथेच येतो.

फाइल आकसून लहान करणारा 'एक्सझेड' नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक मशीनवर तो असतो. त्याची देखभाल फिनलंडचा लासे कोलिन एकट्याने वर्षानुवर्षं करत होता, एक पैसाही न घेता. २०२२मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लावला : कामं साचलीत, जमत नसेल तर दुसऱ्याकडे दे. त्याने स्पष्ट लिहिलं, माझी मानसिक तब्येत बरी नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे. त्याच सुमारास जिया टॅन नावाचा कोणी मदतीला आला. काम नीटनेटकं, वागणं नम्र. दोनेक वर्षं राबून त्याने विश्वास कमावला, सगळे अधिकार मिळवले, आणि २०२४च्या सुरुवातीच्या नव्या आवृत्तीत एक चोरदरवाजा बसवला. तो सगळीकडे पसरला असता तर जगभरच्या सर्व्हरांची किल्ली एका अज्ञात हातात गेली असती. जिया टॅन हे कोणाचं सोंग होतं, ते आजतागायत उघड झालेलं नाही.

तो पकडला कसा ते बघा. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या अजून पक्क्या न झालेल्या ('अनस्टेबल') आवृत्तीवर तो आपल्या कामाचा वेग मोजत होता. त्याला दिसलं की मशीनवर लॉगिन करायला ०.२९९ सेकंद लागायचे तिथे आता ०.८०७ लागतायत. अर्धा सेकंद, काका! आपण पापणी लववून पुढे गेलो असतो. त्याला ते सलत राहिलं. खणत खणत तो एक्सझेडपर्यंत पोचला आणि २९ मार्च २०२४ रोजी, गुड फ्रायडेला, सगळं पुराव्यानिशी मांडलं. डेबियन, फेडोरा अशा लिनक्सच्या सगळ्या प्रकारांनी ताबडतोब एक्सझेडची ती आवृत्ती मागे घेतली.

या प्रकरणावर एक वक्ता बोलला की सगळे फ्रॉइंडसाठी टाळ्या वाजवतात. वाजवाव्यातच. कोड उघडा होता म्हणून तो खणू शकला, हेही खरं. पण मला राहून राहून कोलिन आठवतो. ज्याच्या कामावर अब्जावधींचे धंदे चालले होते त्याला कोणी कधी "बाबा रे, थकलास का?" म्हणून विचारलं नाही, विचारायला आला तो चोरच. आमच्या कंपनीच्या मशीनवरही एक्सझेड होतं, आणि त्यापायी त्याला एक कॉफीसुद्धा कोणी पाजलेली नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुकड्यातुकड्यांनीच देता येतं. लिनक्सवर काम करणारे बहुतेक जण आज मोठ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. टोरवाल्ड्सला लिनक्स फाउंडेशन पगार देतं. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारा कर्ल नावाचा प्रोग्रॅम १९९८पासून सांभाळणारा स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग कित्येक वर्षं नोकरी सांभाळून रात्री हे काम करायचा. आता त्याचं तेच पगारी काम झालंय. त्याला २०१७मध्ये स्वीडनच्या राजाच्या हस्ते सुवर्णपदक मिळालं. शिवाय मोटारींच्या स्क्रीनवर परवान्याखाली त्याचा ईमेल दिसतो म्हणून अनोळखी लोक त्याला गाडीच्या तक्रारी लिहून पाठवतात! आणि मग उरतात कोलिनसारखे, ज्यांचं पोट दुसऱ्याच कशावर तरी चालतं.

एकाने पोटाचा प्रश्न निराळाच सोडवला, तो ब्राम मोलेनार, तोही डच. मी दिवसभर ज्यात लिहिते तो विम हा एडिटर त्याचा; १९९१पासून बत्तीस वर्षं त्याने सांभाळला. १९९४मध्ये तो युगांडातल्या किबाले गावी पाणी आणि सांडपाण्याच्या कामासाठी वर्षभर राहिला होता. परत आल्यावर त्याने ठरवलं की विम आवडला तर पैसे मला न देता तिथल्या अनाथ मुलांच्या शाळेला द्या. आजही रिकामा विम उघडला की पडद्याच्या मधोमध पुष्कळदा ही ओळ येते : युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. मोलेनार ऑगस्ट २०२३मध्ये गेला, वय बासष्ट. ओळ तशीच ठेवलीय. आमच्या ऑफिसातली पोरं ती बघून न बघितल्यासारखी करतात. मी यंदा पैसे पाठवले.

शंतनूने विचारलंय की प्रेसच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स बसेल का. बसेल. त्याला म्हणावं डेबियन घे, आठ जीबीचा पेन ड्राइव्ह लागेल, आणि आधी तुमच्या लग्नपत्रिकांच्या सगळ्या फाइली दुसरीकडे काढून ठेव. त्या जुन्या फॉन्टमधल्या आहेत, युनिकोडमध्ये आणायला वेळ जाईल. दोनचार नमुने मला पाठवायला सांगा, रविवारी बसून बघते. दिवाळी अंकांच्या सीडी वरच्या कपाटात आहेत, त्या उंदरांच्या आधी शंतनूच्या हाती लागू देत.

काकूला नमस्कार, शंतनूला आशीर्वाद.

तुमची,
मधुरा