देखावा मालवणी, ताट कुणाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सात माणसे मालवण तालुक्यातील एका रिसॉर्टमध्ये तीन दिवस मुक्कामाला होतो. खोल्या स्वच्छ होत्या, समुद्र हाकेच्या अंतरावर होता आणि नोकरवर्ग अदबीने वागत होता, त्यामुळे त्याबाबत काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती तेथील उपाहारगृहाबद्दल. ‘अस्सल मालवणी खेडे’ अशी त्याची जाहिरात केलेली असून रात्रीच्या जेवणाचे माणशी नऊशे रुपये आरक्षणाच्या वेळीच घेतले जातात. म्हणजे जेवण आवडो वा न आवडो, पैसे गेलेलेच असतात.

खेडे म्हणून जे उभारले आहे त्यात मालवणचे काय आहे, हे आम्ही पहिल्या रात्री बराच वेळ शोधत होतो. भिंतीवर वारली चित्रे, म्हणजे डहाणू-पालघरकडची. छताला टांगलेल्या कठपुतळ्या राजस्थानच्या. ध्वनिक्षेपकावर लावणी आणि वाढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर कोल्हापुरी फेटे. माझ्या आईचे माहेर वेंगुर्ल्याचे. तिने एका मुलाला थांबवून विचारले, “झिला, हो फेटो खयसून हाडलंस?” (मुला, हा फेटा कुठून आणलास?) तो मुलगा उत्तराखंडचा होता, त्याला प्रश्न कळला नाही, पण तो छान हसला. त्या बिचाऱ्याचा यात दोष नाही. मात्र तेथून गाडीने तासाभराच्या आत कुडाळजवळचे पिंगुळी गाव आहे, तेथे ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि बाहुल्यांचे खेळ पिढ्यान्‌पिढ्या जपले आहेत आणि त्याच कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हे सजावट करणाऱ्याला ठाऊक नसावे किंवा ठाऊक करून घेण्याची गरज वाटली नसावी. बाहुल्याच टांगायच्या होत्या, तर त्या राजस्थानातून का आणाव्या लागल्या?

सजावटीकडे एक वेळ कानाडोळा करता येईल. ताटाकडे कसा करणार? मांडलेल्या पदार्थांत पनीर मखनी, हक्का नूडल्स, डाळ तडका आणि जिरा राईस होते, आणि एका कोपऱ्यात ‘मालवणी स्पेशल’ अशी पाटी लावून कोंबडी, मासे आणि वडे ठेवले होते. वडे म्हणून ज्या होत्या त्या कणकेच्या पुऱ्या. मालवणी वड्याला तांदूळ आणि उडीद लागतो, पिठात धने-मेथी दळलेली असते आणि तो मोडला की त्याचा वास आधी येतो. येथे मोडल्यावर फक्त तेल निथळले. काळ्या वाटाण्याचे सांबार नव्हते. माशाच्या आमटीत तिरफळ या मसाल्याच्या फळाचा मागमूस नव्हता, आणि कोंबडीचा रस्सा व माशाची आमटी एकाच वाटणाची होती, हे चव घेण्याआधी रंगावरूनच समजत होते. सोलकढी तर इतकी गडद गुलाबी होती की आमच्या धाकट्या नातीला ती स्ट्रॉबेरीचे दूध वाटली. चाखून पाहिली तर गोड. आगळ (कोकमाचा आंबट रस), ओल्या नारळाचा रस, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, मीठ आणि वरून कोथिंबीर, एवढ्यावर जी होते तिच्यात साखर घालायची बुद्धी कोणाला झाली असेल? रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले असताना त्याच जिल्ह्यात पाहुण्याला सरबताच्या जातीची सोलकढी मिळावी, हे खटकते.

दुसऱ्या दिवशी जे घडले त्यामुळे हे पत्र लिहायला बसलो. सकाळी रिसॉर्टच्या समोरच्याच वाळूवर रापण ओढली जात होती. दोन्ही बाजूंनी माणसे दोर धरून जाळे किनाऱ्याकडे आणत होती आणि शेवटी जाळ्यात बांगडे आणि पेडवे चमकताना पाहून मुले नाचू लागली. आता रात्री हेच बांगडे ताटात येणार, अशी आमची समजूत झाली. रात्री ताटात आले ते बासाचे पांढरे, बिनकाट्याचे, बोटाने दाबल्यावर पाणी सोडणारे तुकडे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात गोठवलेला मासा वाढला असता, तर कोणी बोट ठेवले नसते. ऐन बांगड्याच्या हंगामात, रापणीपासून दोनशे पावलांवर तळ्यात वाढवलेला मासा का, असे व्यवस्थापकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “मुंबई-पुण्याच्या लोकांना काटे नको असतात आणि मुलांना नूडल्स हव्या असतात.” यातले दुसरे विधान खरे आहे, हे मान्य करायला हवे, आमच्या नातवंडांनी दोन्ही रात्री नूडल्सच खाल्ल्या. पनीरला किंवा नूडल्सना माझा विरोध नाही. ते खुशाल ठेवावेत, पण मग ‘अस्सल’ ही पाटी उतरवावी. (रिसॉर्टमध्येच जेवणाखेरीज वेगळ्या घेतलेल्या चहा-भजीच्या बिलात न विचारता दहा टक्के सेवाशुल्कही लावले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये याला मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई कायम ठेवली आहे, असे सांगताच ते निमूटपणे वजा झाले.)

कल्पनेवर आधारलेले उपाहारगृह मुळातच खोटे असते, असे मी म्हणणार नाही. अहमदाबादचे ‘विशाला’ १९७८ पासून गुजराती खेड्याच्या धर्तीवर चालते; तेथे आम्ही बऱ्याच वर्षांपूर्वी जेवलो होतो. तेही उभारलेलेच खेडे, पण जेवण त्या प्रांताचे, आणि आवारात जुन्या भांड्यांचे अख्खे संग्रहालय. कोणीतरी ती भांडी गावोगाव हिंडून जमवली आहेत, हे पाहताक्षणी कळते.

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्यानंतर किनाऱ्यावर हॉटेले पुष्कळ उभी राहिली, पण पाहुण्याच्या ताटात जिल्ह्यातले किती असते, याची विचारपूस होताना दिसत नाही. ‘मालवणी’ नाव लावून जेवण विकणाऱ्यांनी मासा कोणता आणि तो ताजा की गोठवलेला, एवढे तरी फलकावर लिहावे, अशी अट पर्यटन खात्याने घालायला हरकत नसावी. आगळ आणि वड्यांचे पीठ तर जिल्ह्यातले महिला बचत गट विकतातच. ते घ्यायला कोणत्याही अटीची गरज नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही रिसॉर्टच्या जेवणाचे पैसे सोडून दिले आणि जवळच्याच वाडीत निवास-न्याहारी चालवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर एका पतपेढीचे कॅलेंडर, सजावट म्हणावी तर एवढीच. तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, उकड्या तांदळाचा भात, फिक्या रंगाची सोलकढी आणि शेवटी नारळाच्या गोड रसातले शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया. आईने भात दोनदा मागून घेतला. पुढच्या खेपेला मुक्काम कदाचित त्याच रिसॉर्टमध्ये होईल, कारण खोल्या खरोखरच चांगल्या आहेत. जेवण मात्र त्या बाईंकडे. त्यांना सकाळी नऊच्या आत कळवावे लागते, म्हणजे त्यांना बंदरावर जाऊन मासे आणता येतात.

आपला,
एक वाचक, ठाणे