नस काढली, पण नळी धुतली का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२० मार्चच्या जागतिक मौखिक आरोग्य दिनानिमित्त आपल्या पुरवणीत दातांवर पानभर मजकूर आला. ब्रश कसा करावा, खर्रा (सुपारी, तंबाखू, चुन्याचे मिश्रण) कसा सोडावा, हे सगळे त्यात होते आणि ते हवेच होते. खर्ऱ्याने तोंड दोन बोटेही उघडेनासे झालेली तरुण पोरे आमच्याकडे रोज दिसतात. रूट कॅनलचा विषय मात्र नस काढायची, सिमेंट भरायचे, कॅप बसवायची एवढ्यात उरकला. या सगळ्याच्या मधली पायरी, म्हणजे दाताच्या मुळातली नळी निर्जंतुक करणे, पार गाळली गेली. दाढ टिकणार की वर्षभरात पुन्हा सुजणार, हे बहुतांशी त्या पायरीवर ठरते. म्हणून हे पत्र.

मी दातांचा डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. दाढदुखीचा माणूस डॉक्टरकडे जाण्याआधी आमच्या काउंटरवर येतो. गालाला गमछा बांधलेला असतो आणि बोलणे ठरलेले असते: “भाऊ, दाढ लय ठनकून राह्यली, मांगच्या वक्ताची गोयी द्या.” मागच्या वेळची गोळी म्हणजे एखादे अँटिबायोटिक आणि सोबत दुखण्याची गोळी. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय देऊ नये असा कायदा आहे. तो किती पाळला जातो हे आपणही जाणता. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या गोळीने दाढेचे काम होत नाही. गोळीतले औषध रक्तातून पोचते. नस मेली की दाताच्या आतला रक्तपुरवठाच संपतो. जंतू आत बंदोबस्तात बसलेले असतात आणि औषध हिरडीपर्यंत येऊन थांबते. सूज थोडी उतरते, ठणका बसतो, माणसाला वाटते बरे झाले. महिना-दोन महिन्यांनी तोच गाल, तोच गमछा. ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे चढली, गिळता येईना, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तडक दवाखाना गाठावा, औषधेही लागतात. एरवी जंतू जिथे आहेत तिथेच जाऊन ते मारावे लागतात.

जंतूच मुळाशी असतात, हे १९६५ साली अमेरिकेत उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात स्वच्छ दिसले. काही उंदीर जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेले होते, काही साधे. दोघांच्याही दाढांना भोक पाडून नस उघडी केली. साध्या उंदरांची नस सडली, मुळाशी पू झाला. जंतुविरहित उंदरांच्या दाढेत अन्नाचे कण अडकूनही नस जगली आणि भोकावर नवा थर धरला. रूट कॅनलचे सगळे शास्त्र पुढे याच पायावर उभे राहिले.

आता ती नळी किती बारीक असते ते पाहा. तिच्यात घालायच्या फाइलवर, म्हणजे नळी घासायच्या सुईसारख्या बारीक कानशीवर, १५ हा आकडा असेल तर टोकाची जाडी ०.१५ मिलिमीटर. वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन, पण नळ्या बहुधा चार. चौथी सापडायलाच कठीण. शिवाय नळी काही सरळ पाइप नसते. कुठे वाकते, कुठे चपटी होते, तिला बारीक फाटे फुटतात. फाइल फिरवून कितीही घासले तरी नळीच्या भिंतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग फाइलला लागतच नाही, असे सूक्ष्म सीटी स्कॅनच्या अभ्यासांत दिसले आहे. दुधाच्या बाटलीत ब्रश फिरवला तरी खाचेतली साय तशीच राहते, त्यातलाच प्रकार. फाइल जिथे पोचत नाही तिथे द्रावण पोचते. म्हणून धुणे.

या धुण्याचे मुख्य द्रावण म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत जी टीसीएल पावडर टाकते तिच्याच कुळातले, वासही तोच. पहिल्या महायुद्धात जखमा धुवायला त्याचे अर्धा टक्क्याचे द्रावण वापरले गेले. दातांसाठी अर्ध्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत वापरतात. ते जंतू मारते आणि सडलेल्या नसेचे तुकडेही विरघळवते. दुसरे काम साध्या सलाइनच्याने होत नाही, पहिलेही नाही. घासताना भिंतीवर भुशाचा जो लेप बसतो तो काढायला ईडीटीए या रसायनाचे १७ टक्क्यांचे द्रावण लागते. काही डॉक्टर क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशकही वापरतात, पण २ टक्क्यांचे. आमच्या दुकानातल्या गुळण्यांच्या बाटलीत ते ०.२ टक्के असते, तेव्हा त्या बाटलीवर भरवसा नको. हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्झिडिन नळीत एकत्र आले तर तपकिरी गाळ धरतो, म्हणून दोहोंच्या मध्ये नळी धुवून कोरडी करावी लागते.

एक गोष्ट औषधवाला म्हणून मला खटकते आणि ती कुठे लिहिलेली दिसत नाही. हायपोक्लोराइट उन्हाने आणि उष्णतेने लवकर मरते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, लोडशेडिंग वेगळेच. पत्र्याखालच्या खोलीत, पारदर्शक बाटलीत, खिडकीशी ठेवलेल्या द्रावणात चार महिन्यांनी लेबलावरचा टक्का उरलेला नसतो. गडद बाटली, थंड जागा आणि उघडल्याची तारीख बाटलीवर, एवढे सांभाळायला काही खर्च नाही. लशीच्या शीतपेटीची आपण किती काळजी घेतो! या बाटलीकडे ढुंकून कोणी पाहत नाही.

हे द्रावण जपूनच वापरावे लागते. ते मुळाच्या टोकापलीकडे गेले तर क्षणात आग होते, गाल टम्म सुजतो, काळानिळा पडतो. म्हणून आधी एक्स-रे किंवा यंत्राने नळीची लांबी मोजायची, सुई नळीत न अडकवता सैल ठेवायची, हळू दाबायचे. बाजूला छिद्र असलेली सुई त्यासाठीच असते. दाताभोवती रबर डॅम हवा. १८६४ साली न्यूयॉर्कच्या एका दंतवैद्याने काढलेली ही रबराची साधी चादर. तिच्यामुळे तोंडातली लाळ नळीत जात नाही आणि द्रावण घशात उतरत नाही. धुतलेल्या नळीत पुन्हा लाळ गेली तर धुण्याला काय अर्थ उरला? दीडशे वर्षांनंतरही अनेक खुर्च्यांवर ती दिसत नाही. रुग्णाला गुदमरते, वेळ जातो, अशी कारणे ऐकू येतात. मला ती पटत नाहीत.

दोन बैठकींच्या मध्ये नळीत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवतात. रसायन म्हणून तो चुनाच, पण औषधी शुद्धतेचा. हे वाचून कोणी खर्ऱ्याच्या डबीतला चुना दाढेत कोंबू नये. काउंटरवर तसे तोंड भाजून घेतलेलेही येतात.

आणि इथेच आमच्या भागातले खरे नुकसान होते. पहिल्या बैठकीत ठणका थांबतो. डॉक्टर वरून कच्चे सिमेंट लावतात, आठवड्याने या म्हणतात. तेवढ्यात सोयाबीनची सोंगणी येते, मग कापसाची वेचणी. दुखत नाही तर मजुरी कशाला बुडवायची, हा विचार चूक कसा म्हणू? पण कच्चे सिमेंट काही आठवड्यांचेच सोबती. ते झिजते, कडेने लाळ आत झिरपते, जंतू पुन्हा घर करतात. मग पुढच्या वेळी दाढ काढायचीच पाळी येते आणि गावात बोलणे होते की रूट कॅनलमध्ये काही दम नाही, पैसे पाण्यात. काम एका बैठकीत करावे की दोन-तीन, यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत आणि नीट केले तर निकालात फार फरक पडत नाही. अर्ध्यावर सोडलेल्या कामाला मात्र निकालच नाही.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. आमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात दातांची खुर्ची आहे, डॉक्टरही भले आहेत. पण फाइली संपलेल्या, द्रावण नाही, म्हणून दाढ काढून मिळते किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा नाही तर वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दंत महाविद्यालयाचा रस्ता दाखवला जातो. एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे हे खरे, पण दिवसभराची मजुरी कोण देणार? यंत्राला लाखो रुपये मंजूर होतात, आणि हायपोक्लोराइटची बाटली, ईडीटीए, रबर डॅमची चवड हे वर्षभराचे किरकोळ सामान खरेदीच्या यादीत अडकून पडते.

जिल्हा आरोग्य यंत्रणेला आपल्या स्तंभातून एक सुचवायचे आहे. तालुक्याच्या रुग्णालयात रूट कॅनलची दुसरी बैठक आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी. त्या दिवशी माणूस तसाही गावात येतो, मजुरी तशीही बुडालेली असते. पहिल्या बैठकीनंतर केसपेपरवर ‘नळी धुणे बाकी, पक्के सिमेंट बाकी’ असे मोठ्या मराठी अक्षरांत लिहून द्यावे. तो कागद घेऊन कोणी आमच्याकडे गोळी मागायला आला, तर त्याला परत खुर्चीकडे पाठवणे आम्हा दुकानदारांनाही सोपे जाईल.

आपला,
एक औषध विक्रेता, जि. यवतमाळ