हिरड्यातून रक्त आलं म्हणून गोळी बंद करू नका

मा. संपादक,

आमच्या वडिलांना ठोके अनियमित पडायचा त्रास आहे, डॉक्टर त्याला एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात, त्यासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती. निम्मं आयुष्य चादरीच्या कारखान्यात गेलेला माणूस, गोळ्यांचा मुळात कंटाळा. गड्डा यात्रेच्या दिवसांत ब्रश करताना हिरड्यातून रक्त आलं आणि शेजारचे काका म्हणाले रक्त लय पातळ झालंय, आठ दिवस बंद ठेवा. यांनी ठेवली, घरात कुणाला पत्ताच नाही. सहाव्या दिवशी सकाळी हातातून चहाचा कप पडला, तोंड वाकडं झालं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं, की ठोके नीट नसले की हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत जाऊन अडकते. अशा पेशंटला लकव्याचा धोका जवळपास 5 पट असतो म्हणे. ॲस्पिरिन घेतो की, असं म्हणून पण भागत नाही.

आता रक्तस्रावाची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. काळी शौच झाली, लघवीतून रक्त आलं, डोक्याला मार लागला तर तडक दवाखाना गाठायचा. पण आपल्याकडे गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणतात, सोबत पित्ताची गोळी घेतली की झालं असं समजतात, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे दुकानदार विचारत नाही आणि आपण सांगत नाही, पोटात रक्तस्राव होतो तो यातून. बीपी वाढलेलं असलं की अजून वाईट.

वॉरफरिन किंवा एसिट्रोम या रक्त पातळ करायच्या जुन्या गोळ्या घेणाऱ्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासत राहायचं, बहुतेकांना 2 ते 3 मध्ये लागतो. पालेभाज्यांनी या गोळ्यांचा असर कमी-जास्त होतो, पण म्हणून मेथी-पालक बंद करायची गरज नाही, फक्त एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं नको. अपिक्साबान, डॅबिगाट्रानसारख्या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही पण त्यांचा असर दिवसा-दोन दिवसांत उतरतो, त्यामुळे डोस चुकवणं महागात पडतं. धातूचा व्हॉल्व्ह बसवलेल्यांना मात्र जुनीच गोळी.

दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरला विचारा, बऱ्याचदा गोळी चालू ठेवूनच काढता येतो.

वडील आता डाव्या हाताने जेवतात, कडक भाकरी आम्ही चुरून देतो. काका अजून रोज येतात चहाला, मी त्यांना काही बोललो नाही.

– एक वाचक, जुळे सोलापूर